ठाण्यातून फोन आलाय, मुलाला पाठवू की नको?

वाचकाचं पत्र:

«आम्ही सातारा जिल्ह्यातले. आमची आणि चुलत दिरांची जमीन लागून आहे, बांधावरून जुनी कुरबुर आहे. मागच्या आठवड्यात ट्रॅक्टर घालण्यावरून माझे यजमान आणि दीर यांच्यात हाणामारी झाली. यजमानांच्या हाताला लागलं, दिरांच्या डोक्याला टाके पडले. त्यांनी फिर्याद दिली आणि यजमानांबरोबर माझ्या मुलाचंही नाव घातलं. मुलगा चोवीस वर्षांचा आहे, चाकणला कंपनीत कामगार आहे. त्या दिवशी तो पहिल्या पाळीला कामावर होता, गावात नव्हताच. आम्ही तक्रार द्यायला गेलो तर नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतली. आता हवालदारांचा फोन येतोय, "पोराला आधार कार्ड घेऊन पाठवा." व्हॉट्सअ‍ॅपवर नोटिशीचा फोटोही आलाय. कलमं ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५) आहेत म्हणे. मलाही जबाबाला बोलावलंय. भावकीतले म्हणतात, पोराला महिनाभर लांब ठेव. गावातला एक जण म्हणतो, पंचवीस हजार द्या, नाव कमी करून आणतो. मुलगा तलाठी भरतीचा अभ्यास करतोय. त्याच्या नावाला डाग लागेल या भीतीनं झोप उडाली आहे. काय करू?»
— एक आई

ताई,

मुलाला पाठवा. पण नुसत्या फोनवर नको, एकट्याला नको आणि रिकाम्या हातानं नको. आधी वकील गाठा, एफआयआरची प्रत मिळवा, लेखी नोटीस घ्या आणि तिच्यात लिहिलेल्या वेळी त्याला हजर करा. महिनाभर लांब ठेवा म्हणणाऱ्यांना तुमची काळजी असेल, पण त्यांचा सल्ला ऐकलात तर मुलगा हकनाक अडकेल.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ३५(३) खाली, जिथे अटकेची गरज नाही तिथे पोलिसांनी नोटीस देऊन माणसाला चौकशीला बोलवायचं असतं. ठाण्यात आणि कोर्टात अजून बरेच जण तिला जुन्या सवयीनं '४१ अ ची नोटीस' म्हणतात. नोटिशीप्रमाणे जो हजर राहतो, त्याला त्या गुन्ह्यात अटक करायची नाही असं कायदा सांगतो. तरीही अटक करावीशी वाटली तर अधिकाऱ्याला त्याची कारणं लिहून ठेवावी लागतात. नोटीस मिळूनही जो येत नाही, त्याला मात्र पोलीस अटक करू शकतात. म्हणजे आज पोलिसांकडे तुमच्या मुलाला अटक करायला सबळ कारण नाही. तो गायब झाला तर ते कारण आपणच त्यांच्या हातात देऊ.

तुम्ही कळवलेली कलमं भारतीय न्याय संहितेची, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याची आहेत. त्यांपैकी सर्वात जड कलम ११८(१) आहे, धोकादायक हत्याराने दुखापत. त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे आणि ते अजामीनपात्र आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो ठाण्यात हक्कानं मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो एवढंच. बाकीची कलमं मारहाण, शिवीगाळ आणि धमकीची आहेत, त्यांना एक ते दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ३(५) हा वेगळा गुन्हा नाही. सगळ्यांनी मिळून एका इराद्यानं केलं असा आरोप असला की ते लावतात, आणि तुमच्या मुलाला त्याच धाग्यानं ओवलेलं असणार. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आपोआप अटक करायची नाही, अटक खरोखर का हवी हे अधिकाऱ्यानं लिहून दाखवायचं आणि दंडाधिकाऱ्यानंही ते तपासायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात ठरवून दिलंय. त्या निकालाचं नाव मुलाला पाठ असू द्या. वाद घालायला नको, पण माहीत असलं की माणूस घाबरून काहीबाही बोलत नाही.

एक धोका आत्ताच सांगून ठेवते. दिरांच्या डोक्याला टाके पडलेत असं तुम्ही लिहिता. दवाखान्याच्या दाखल्यात हाड मोडल्याचं किंवा दुसऱ्या गंभीर दुखापतीचं निदान आलं, तर पोलीस कलम ११८(२) वाढवू शकतात. त्याची शिक्षा सात वर्षांच्या खूप पुढे जाते आणि वर सांगितलेलं संरक्षण तितकं भक्कम राहत नाही. म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा की दाखला काय आलाय आणि सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज आधीच टाकावा का. माझं मत विचाराल तर अर्ज तयार करून ठेवावा आणि दाखल करायचा की नाही हे दाखला पाहून ठरवावं. यजमानांसाठी तर तो जास्तच लागण्याची शक्यता आहे.

आता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोचं. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपनं बजावली तर ती कायदेशीर बजावणी होत नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात दिलाय. पण 'नोटीस कायदेशीर नाही' म्हणून घरी बसून राहू नका. मुलानं वकिलामार्फत तपासी अंमलदारांना दोन ओळींचं पत्र द्यावं: मला फोन आला, मी तपासाला पूर्ण सहकार्य करायला तयार आहे, मी चाकण येथे नोकरीस आहे, कृपया कलम ३५(३) ची लेखी नोटीस द्यावी, मी दिलेल्या वेळी हजर राहीन. या पत्राच्या दोन प्रती काढा. एक ठाण्यात द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तेच पत्र त्याच दिवशी ठाण्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टनं पाठवा आणि एक प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना लावा. पुढे कुणी 'हा पोरगा फरार होता' असं लिहिलं तर हा पोच शिक्का तुमच्या बाजूनं बोलेल. फोनवरचं 'येतो साहेब' कोर्टात कुठंच दिसत नाही.

एफआयआर मिळवायला कुणाची मनधरणी करावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलंय की संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून तो उघडता येतो. सापडला नाही तर वकील कोर्टातून प्रत काढतील. हातात आला की तुम्ही स्वतः सावकाश वाचा. घटना किती वाजता घडली म्हणतात, फिर्याद किती वाजता दिली, मधला वेळ कुठं गेला, काठी कुणाच्या हातात होती असं लिहिलंय, मुलानं नेमकं काय केलं असं म्हटलंय. 'त्याचा मुलगाही सोबत होता' एवढंच मोघम वाक्य असेल तर त्यातच बरंच काही कळतं.

मुलाचा खरा बचाव चाकणला आहे, आणि तो दिवसागणिक पुसला जातोय. कारखान्याच्या गेटवरचे कॅमेरे जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसतात. म्हणून मुलानं आजच कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ई-मेल करावा, तारीख आणि वेळ घालून: त्या दिवशीच्या पहिल्या पाळीचं गेटचं आणि शॉपफ्लोअरचं सीसीटीव्ही चित्रण जतन करावं, हजेरीच्या पंचिंगची नोंद द्यावी, कंपनीच्या बसनं गेला असेल तर बसची नोंद द्यावी. शेजारच्या मशीनवर कोण होतं, सुपरवायझर कोण होता, नावं आत्ताच लिहून ठेवा, सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. त्या दिवशी चहाचे पैसे मोबाइलवरून दिले असतील तर ती नोंदही काढा. कोर्टात असं चित्रण किंवा संगणकातली नोंद दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. पेन ड्राइव्हवर घेऊन आलो एवढ्यानं भागत नाही, हे कंपनीला आधीच सांगा.

हे सगळं मिळेल तसं तपासी अंमलदारांना अर्जासोबत द्या आणि कंपनीतून चित्रण ताब्यात घ्यावं अशी लेखी विनंती करा. इथेही पोच घ्याच. काही वकील म्हणतील की आपला बचाव आताच उघड करू नका, खटल्यात काढू. बऱ्याच प्रकरणांत तो सल्ला बरोबर असतो. 'मी तिथे नव्हतोच' या बचावाला मात्र तो लागू पडत नाही असं मला ठामपणे वाटतं. हा बचाव सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते, आणि तो पहिल्या दिवसापासून सांगितला असेल तरच त्याला वजन राहतं. दोन वर्षांनी पहिल्यांदा सांगितला तर सरकारी वकील विचारणारच, 'मग तेव्हा का नाही बोललात?' शिवाय तपासातच हे पटलं तर दोषारोपपत्रातून मुलाचं नाव वगळलं जाऊ शकतं.

ठाण्यात काय बोलायचं? नाव, पत्ता, नोकरी, त्या दिवशी कुठं होता हे खरं खरं सांगावं. भांडण कसं झालं हे त्यानं सांगू नये, कारण त्यानं ते पाहिलेलंच नाही. घरी ऐकलेलं तो सांगायला गेला की 'याला एवढं कसं माहीत' इथून पुढचे प्रश्न निघतात. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मध्ये आहे. 'याचं उत्तर मी वकिलांशी बोलून देईन' असं नम्रपणे म्हणायचा त्याला हक्क आहे. गप्प राहणं गुन्हा नाही, खोटं बोलणं मात्र अंगाशी येतं. वकील ठाण्यापर्यंत सोबत असावाच, पण चौकशीत प्रत्येक प्रश्नाला शेजारी बसू देतीलच असं धरून चालू नका.

सहीबद्दल नीट लक्ष द्या. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ सांगतं. कोऱ्या कागदावर तर कधीच सही नाही. नोटिशीची पोच म्हणून सही करायला हरकत नाही, मात्र सहीशेजारी स्वतःच्या हातानं तारीख, वेळ आणि 'प्रत मिळाली' असं लिहावं. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यातली पळवाट फारशी कुणाला माहीत नसते. 'मी लपवलेली काठी काढून देतो' असं कोठडीतल्या आरोपीच्या तोंडून वदवून पंचांसमोर जो मेमोरंडम पंचनामा करतात, त्यातला वस्तू सापडण्यापुरता भाग पुरावा म्हणून चालतो. गावाकडच्या मारामारीच्या खटल्यांत शिक्षा पुष्कळदा याच कागदावर उभी राहते. म्हणून यजमानांनाही सांगून ठेवा, दोन थपडा बसतील या भीतीनं असं काही बोलायचं नाही.

मोबाइल मागितला तर नुसता टेबलावर ठेवून येऊ नये. जप्त करत असतील तर जप्ती पंचनामा मागावा; नव्या कायद्यात जप्तीचं चित्रीकरण करणं बंधनकारक आहे. फोनमधलं काहीही पुसू नका, भांडणाचे मेसेज असले तरी. पुरावा नष्ट केल्याचा नवा गुन्हा ओढवून घ्यायची गरज नाही. ठाण्यात किती वाजता गेला आणि किती वाजता बाहेर पडला हे घरच्या कुणालातरी मेसेजनं कळवत राहावं. ठाण्यांत सीसीटीव्ही असलेच पाहिजेत असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये बजावलंय, आणि वेळ माहीत असली की ते चित्रण मागता येतं.

तुम्हाला स्वतःला मात्र जबाबासाठी ठाण्याची पायरी चढायची गरज नाही. साक्षीदार म्हणून महिलेला तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे बोलावता येत नाही, कलम १७९ मध्ये हे स्पष्ट आहे. साठ वर्षांवरच्या माणसालाही तीच सवलत आहे. हवालदारांना सांगा, 'साहेब, माझा जबाब घरी येऊन घ्या, मी आहे.' भांडण तुम्ही पाहिलं असेल तर पाहिलं तेवढंच सांगा.

एवढं करूनही अटक झालीच, तर घाबरून धावाधाव करण्याआधी या गोष्टी पाहा. अटकेचा पंचनामा व्हायला हवा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी. अटक का केली याची कारणं लेखी आणि त्याला कळणाऱ्या भाषेत, म्हणजे इथं मराठीत, द्यायला हवीत. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. तिथल्या तिथे लेखी देणं शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी ती द्यावीच लागतात, नाहीतर अटकच बेकायदा ठरते. तो कागद हातात पडला की फोटो काढून लगेच वकिलाला पाठवा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत कोर्टात हजर करणं बंधनकारक आहे, आणि त्याआधी वैद्यकीय तपासणी होते. मारहाण झाली असेल तर डॉक्टरला जागा दाखवून सांगावी आणि लिहून घ्यायला लावावी. मग कोर्टात न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" हा प्रश्न पटकन येतो आणि पटकन जातो. मागे शिपाई उभा असतो, घाबरलेला पोरगा मान हलवतो आणि 'तक्रार नाही' अशी नोंद होते. मुलाला आधीच सांगून ठेवा, काही झालं असेल तर तिथंच तोंड उघडायचं. पोलीस कोठडी मागितली तर वकील विरोध करतील. न्यायालयीन कोठडी मिळाली की साधारणपणे त्याच दिवशी जामिनाचा अर्ज टाकतात.

तुमच्या बाजूची तक्रार अर्धवट सोडू नका. यजमानांच्या हाताला लागलंय तर सरकारी दवाखान्यात तपासणी झाली का? झाली नसेल तर आजच करा आणि कागद जपून ठेवा. आरोपीच्या अंगावरच्या जखमा कशा झाल्या हे फिर्यादीला सांगता आलं नाही तर फिर्यादीची गोष्ट लंगडी पडते. शिवाय अंगावर आलेल्याला अडवण्याचा, गरजेपुरतं बळ वापरण्याचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. यजमानांचा बचाव बहुधा त्या वाटेनं जाईल, मुलाचा वेगळ्या वाटेनं. दोघांची एकच गोष्ट करून टाकू नका. एनसीवर समाधान नसेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवा आणि तरीही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो.

त्या पंचवीस हजारवाल्याला दारात उभं करू नका. गुन्हा नोंदवल्यावर नाव 'कमी करून आणणं' त्याच्या हातात नाही. आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच सुटका आहे. कुणी अधिकाऱ्याचं नाव घेऊन पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

मिटवायचंच असेल, आणि बांधाचं भांडण आयुष्यभर शेजारी राहणार म्हणून मिटलेलं मला आवडेल, तर सरळ मार्गानं मिटवा. साध्या मारहाणीचं कलम आपसात मिटवता येतं. ११८(१) खालच्या कोर्टात मिटत नाही. त्यासाठी दोघांच्या संमतीनं उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा जिल्हा त्यात येतो, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचतील. सोबत भूमी अभिलेख कार्यालयातून सरकारी मोजणी मागा, नाहीतर पुढच्या नांगरटीला पुन्हा तेच होईल.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. महिला, औद्योगिक कामगार आणि कोठडीतला कुणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तुमचा मुलगा कारखान्यातला कामगार आहे, हे अर्जात जरूर लिहा. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे.

राहिली भरती. एफआयआरमध्ये नाव येणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे आणि त्यानं परीक्षेला बसणं थांबत नाही. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीचा साक्षांकन नमुना भरून घेतात, त्यात प्रलंबित गुन्ह्याबद्दल विचारलेलं असतं. पुष्कळ मुलं तिथं भीतीनं 'नाही' लिहितात आणि नोकरी गुन्ह्यामुळे नव्हे, लपवल्यामुळे जाते. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात नियम घालून दिलेत: माहिती खरी दिली असेल तर गुन्ह्याचं स्वरूप पाहून नियुक्ती अधिकाऱ्यानं निर्णय घ्यायचा. म्हणून विचारलं असेल तर 'होय' लिहायचं, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि कलमं द्यायची, चाकणच्या हजेरीची कागदपत्रं जोडायची आणि तोपर्यंत नाव वगळलं गेलं किंवा गुन्हा रद्द झाला असेल तर त्या आदेशाची प्रमाणित प्रत लावायची. त्याला सांगा, अभ्यास चालू ठेव.